रोज रात्रीचं ‘मला नको’ आणि ऋषीच्या भाजीतलं कणीस

प्रॉब्लेम काय होता ते आधी सांगतो. मुलगी अडीच वर्षांची होईपर्यंत सगळं खायची, मेथी वरणभातात कालवून दिली तरी गुपचूप गिळायची, आणि मग एक दिवस अचानक शटर डाऊन. हिरवं दिसलं की नको, आमटीत कोथिंबीर तरंगताना दिसली की नको, नवीन काही पुढे आलं की हात पाठीमागे आणि तोंड घट्ट बंद. चालायचं काय, तर वरणभात, दहीभात, बटाटा, तूपसाखर-पोळी आणि बिस्किटं. मधेच पंधरा दिवस बरे जायचे, आम्हाला वाटायचं सुटलो एकदाचे, की सर्दीताप झाला किंवा सुट्टीत आजोळी जाऊन आली की परत पहिल्यापासून. असं तीन वर्षं. आता ती सात वर्षांची आहे आणि प्रॉब्लेम बराचसा गेलाय, पूर्ण नाही, पण रात्रीच्या जेवणाला घरात युद्ध होत नाही एवढं नक्की.

मी अलिबागकडचा, बायको साताऱ्याची, राहतो डोंबिवलीत. हे सांगण्याचं कारण पुढे येईलच.

काय काय करून फसलो ते आधी, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पहिला प्रकार मोबाईल. कार्टून लावायचं आणि तोंड उघडं राहिलं की घास ढकलायचा. पोट भरतं हो, पण आपण काय खाल्लं हे पोरीला कळतच नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तीच भाजी तिच्यासाठी परत नवीकोरी. दुसरा प्रकार लाच. भाजी संपव मग चॉकलेट. यातून ती एवढंच शिकली की चॉकलेट भारी असणार आणि भाजी म्हणजे काहीतरी शिक्षा असणार, नाहीतर हे लोक त्याच्यासाठी पैसे कशाला मोजतील. (लीअन बर्च नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात लहान मुलांवर हे नीट तपासून बघितलं होतं, बक्षीस लावून प्यायला लावलेलं नवीन पेय मुलांना नंतर कमीच आवडायला लागलं. मला हे फार उशिरा कळलं.) तिसरा प्रकार लपवाछपवी. पालक मिक्सरमधून काढून थालीपिठाच्या पिठात. आठ दिवस मस्त चाललं, नवव्या दिवशी तिला ओट्यावर मिक्सरचं हिरवं भांडं दिसलं, आणि तिने पालक तर सोडाच, थालीपीठच सोडलं. सहा महिने थालीपीठ बंद! म्हणजे जे चालू होतं तेही घालवून बसलो.

चौथा प्रकार आमच्या घरातला सगळ्यात जुना, तो म्हणजे ‘पानात टाकायचं नाही’. मी याच नियमात वाढलोय, त्यामुळे तो चुकीचा असेल असं डोक्यातच आलं नव्हतं. पण बघा ना, मोठी माणसं स्वतःच्या हाताने भसाभस वाढणार आणि वर म्हणणार संपव, तर पोरगं काय करेल? ते वाढूनच घेणार नाही. ताटावर दोन्ही हात आडवे धरून बसणार. आमची तशीच बसायची.

आता खरी गोष्ट. ती साडेचार वर्षांची असताना गणपतीला आम्ही गावी होतो. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, आणि त्या दिवशी आमच्याकडे ऋषीची भाजी. ज्यांच्याकडे नसते त्यांच्यासाठी सांगतो, बैलाच्या कष्टाचं म्हणजे नांगरलेल्या जमिनीतलं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसातलं आणि वेलावरचं जे मिळेल ते सगळं एका पातेल्यात. अळू, लाल माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, सुरण, चिंचेचा कोळ, मिरची, वरून ओलं खोबरं. तेलफोडणी नाही. आणि मक्याच्या कणसाचे दोन बोटं जाडीचे तुकडे. दिसायला म्हणाल तर हिरवा-लालसर लगदा, आमच्या बाईसाहेबांसाठी भयपटच.

बायकोने तिच्यासाठी वेगळा दहीभात कालवून ठेवला होता. पंगत बसली, सगळी चुलत भावंडं ओळीने, आणि आई वाढत आली. आईने हिच्याही पानात भाजी वाढली, पण किती, तर चमच्याच्या टोकावर मावेल एवढी, शेजारी कणसाचा एक तुकडा, आणि पुढच्या पानाकडे गेली. मी तोंड उघडणार एवढ्यात आई मागे न बघता म्हणाली, “तू तुझ्या पानात बघ रे.” बस. कोणी काही बोललं नाही. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतोय, पोरीने आधी दहीभात संपवला, मग शेजारचा दादा कणीस चोखत होता ते बघत बसली, मग स्वतःचा तुकडा उचलला. त्या कणसाच्या दाण्यांच्या फटीफटीत भाजीचा रस शिरलेला, माठाचा लाल, अळूचा चिकट, खोबऱ्याचा चुरा अडकलेला. तिने बोटाने एक दाणा उपटला, वास घेतला, खाल्ला. मग दुसरा. मग अख्खा तुकडा चोखून पांढरा करून टाकला, हनुवटीवरून ओघळ. आणि म्हणाली, “आजी, हे अजून आहे?” आजी म्हणाली, “आहे की, पण कणीस एकेकालाच एक, रस हवा तर घे.” तिने रस घेतला. रस म्हणजे भाजीच हो ती!

त्या रात्री मी आणि बायको बराच वेळ बोलत बसलो की हे झालं कसं. एका जेवणात चमत्कार झाला असं कृपया समजू नका, दुसऱ्या दिवशी परत वरणभातच होता. पण आमच्या लक्षात आलं की जुन्या घरांमध्ये पोरांनी नवीन चाखावं याची सोय सणावारांत आधीच करून ठेवलेली आहे, कोणी तसं नाव दिलेलं नाही एवढंच. नैवेद्याचं पान आठवा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, सगळं प्रत्येकाच्या पानात, पण नखाएवढं. सगळ्यांसमोर तेच. वेगळा मेनू नाही. आणि खरं लक्ष देवाकडे आणि आरतीकडे, पोराच्या तोंडाकडे नाही. शिवाय वर्षातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, त्यामुळे ‘आजच का’ हा प्रश्नच नाही, आज ऋषी आहे म्हणून. आम्ही डोंबिवलीत बरोबर उलटं करत होतो. अर्धी वाटी भाजी, फक्त तिच्याच समोर, दोन माणसं टक लावून बघतायत, आणि कारण काय तर ‘ताकद येते’.

तर फिक्स नंबर एक, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: नवीन पदार्थ नैवेद्याएवढा वाढा आणि तोंड दुसरीकडे करा. खाल्लं का, आवडलं का, एक तरी घास, काही विचारायचं नाही. राहिलं तर ताट उचलताना चेहरा सुद्धा वाकडा करायचा नाही (हे मला जमायला दोन महिने लागले, बायको मला टेबलाखालून लाथ मारायची). नवीन चव मुलाच्या ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्या वेळेलाच ‘हिला नाही आवडत’ असा शिक्का मारून मोकळे होतो. एलिन सॅटर म्हणून एक अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं की काय, कधी, कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं आणि खायचं की नाही, किती खायचं ते मुलाने. माझ्या आईने त्यांचं नाव ऐकलेलं नाही पण पंगतीत तिने केलं ते हेच.

त्याच्या आधी मात्र एक साधी गोष्ट तपासा, आमच्याकडे अर्धा घोळ इथेच निघाला. पोर संध्याकाळी काय खातंय? आमची साडेसहाला मोठा मग भरून दूध आणि चार बिस्किटं खायची आणि आठला जेवायला. भूकच नाही तर नवीन भाजी कोण चाखेल, मी पण नाही चाखणार. दूध साडेचारला नेलं, बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला, आणि आठवड्याभरात निदान चिडचिड तरी कमी झाली. दुसरं म्हणजे वय. दोन ते सहा या वयात अनोळखी खाण्याला बिचकणं अगदी सर्रास असतं, पोर लाडावलंय म्हणून नव्हे. चालायला लागलेलं मूल दिसेल ते तोंडात घालायला लागलं तर विषारी पण खाईल, म्हणून निसर्गानेच ब्रेक लावलाय असं म्हणतात, आणि कडवट चव त्यांना लागतेही आपल्यापेक्षा जास्त. हे कळल्यावर माझा राग निम्मा गेला.

आता सणांवर येतो, कारण फिक्स नंबर दोन तोच आहे: एक भाजी एका दिवसाला बांधून टाका. आम्ही घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिला गोल करायला लावले. गुढीपाडव्याला कडुलिंब, कोवळी पानं-फुलं, ओवा, मिरी, हिंग, मीठ, गूळ, चिंच एकत्र वाटून. ती पहिल्या वर्षी चाटून थुंकली, आम्ही पण सगळ्यांनी भयानक तोंडं केली, आणि कोणाचं तोंड जास्त वाईट अशी स्पर्धाच लागली, पुढच्या वर्षी ती स्वतः ‘तोंडं करायचा दिवस कधी’ विचारत होती. (पान एखाददुसरंच, चाखण्यापुरतं. आणि कडुलिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात अजिबात जाऊ द्यायचं नाही, ते विषारी आहे, पान आणि तेल यात गल्लत नको.) पावसाळा लागला की टाकळा, फोडशी, करटोली. कर्जत-कसाऱ्याकडच्या आदिवासी बायका स्टेशनबाहेर वाटे लावून बसतात, तिथे तिला घेऊन जायचं, वाटा तिने निवडायचा, पैसे तिने द्यायचे. स्वतः निवडलेल्या करटोल्याला ती ‘छोटा साळिंदर’ म्हणायची, खाल्लं दुसऱ्या पावसाळ्यात, पण खाल्लं.

भोगी बायकोच्या माहेरची. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, गाजर, वांगी, पावटे, घेवडा, ओला हरभरा, बोरं, शेंगदाणे, तिळाचं कूट, आणि सोबत तीळ थापलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा. सासूबाई या भाजीला लेकुरवाळी म्हणतात, आणि ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ हे वाक्य त्या इतक्या गंभीरपणे म्हणतात की जावई सुद्धा घाबरून दुसऱ्यांदा वाढून घेतो. इथे पोरीला खायला सांगितलंच नाही, कामाला लावलं. आदल्या संध्याकाळी आजीसोबत वर्तमानपत्र पसरून सोलाणे सोलायचे आणि पावटे निवडायचे. शंभर घाटे सोलताना पोर दहा दाणे तोंडात टाकतंच, कोणीही टाकतं. कच्चा ओला हरभरा तिने असाच पहिल्यांदा खाल्ला, ताटाच्या बाहेर. ताटातून जे जात नाही ते निवडता निवडता जातं, हा माझा सगळ्यात आवडता शोध आहे. फक्त चार-पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर अख्खे शेंगदाणे आणि बी असलेली बोरं यांच्यापासून लांब ठेवा, घशात अडकतात.

फिक्स तीन, भोंडल्याची खिरापत. आमच्या सोसायटीत नवरात्रात भोंडला होतो, हत्तीभोवती फेर झाला की खिरापत ओळखायची. डबा बंद, यजमानीण हलवून दाखवणार, पोरी ओरडणार, गोड का तिखट, कोरडं का ओलं, तळलेलं का वाफवलेलं. डबा उघडेपर्यंत जीव कासावीस. आणि एकदा का पंधरा जणींनी ओरडून ओरडून ‘हळदीच्या पानातले पातोळे’ ओळखले, की मला नको म्हणायची कोणाची हिंमत? हिने तर चुकीचं ओळखलं आणि तरी खाल्लं. ही आयडिया आम्ही घरात चोरली. शुक्रवारी एक झाकणाचा स्टीलचा डबा टेबलावर. आत काय आहे ते फक्त वास घेऊन, हलवून, डोळे मिटून बोट लावून ओळखायचं. उकडलेलं बीट, कोनफळाचा काप, आंबट चुका, फणसाची उकडलेली आठळी. ओळखणं हा गेम, खाणं ऐच्छिक. बरेचदा ओळखण्यासाठीच चाटावं लागतं! कधी डबा तिने भरायचा आणि आम्ही ओळखायचं, त्यात मला एकदा नुसतं हिंग मिळालंय.

आता ज्या तक्रारी परत परत येतात त्या. पोर अळूला ‘टोचतंय’ म्हणतं? नाटक समजून दामटवू नका. अळूत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कमी शिजलं किंवा आंबट कमी पडलं की घसा खरंच खाजतो. आमच्याकडे एकदा मी केलेल्या फदफद्याने असा घात केला आणि अळू वर्षभर बाद झालं, चूक माझी होती. चिंच किंवा आमसूल हात सैल सोडून घाला, पूर्ण गाळ होईपर्यंत शिजवा, आणि आधी स्वतः खाऊन पाच मिनिटं थांबा. पण ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, तिथे परंपरा बाजूला ठेवून सरळ डॉक्टर. तसंच वजन वाढत नसेल किंवा घट्ट-चिकट काहीही लागलं की प्रत्येक वेळी उमासा येत असेल तरी दाखवून घ्या, हा लेख त्याच्यासाठी नाही.

तोंडात घालून थुंकते? चालेल. तिच्या ताटाशेजारी एक रिकामी वाटी ठेवतो, नको असेल तर त्यात. थुंकायची परवानगी मिळाल्यापासून चाखणं वाढलं, हे मला अजूनही विचित्र वाटतं. सगळं एकमेकांत मिसळलेलं नको म्हणते? मग भोगीची भाजी करताना पावटे, गाजर थोडे बाजूला काढून वेगवेगळे द्या, मिसळण पुढच्या वर्षी. शाळेच्या डब्यात नवीन पदार्थ देऊ नका, तिथे भूक असते आणि पर्याय नसतो, पोर उपाशी राहतं, आम्ही हा शहाणपणा करून बाईंचा निरोप खाल्लाय.

आणि आजारपणानंतर सगळं परत शून्यावर आलं तर घाबरू नका, तो बिघाड नाही, तसंच होतं. दोन-तीन दिवस मऊ भात द्या, मग परत टोकावर मावेल एवढी भाजी, परत गप्प. दुसऱ्या वेळी गाडी लवकर रुळावर येते, आमची पहिल्यांदा दोन महिन्यांनी आली होती, शेवटच्या वेळी आठवड्यात.

सगळ्यात भारी काम केलं असेल तर पोपटीने. अलिबागकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की शेतात पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, बटाटे, मीठ, ओवा, कोणी अंडी, कोणी मसाला लावलेली कोंबडी, तोंडाशी परत पाला गच्च कोंबायचा, पाणी नाही की तेल नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा, साधारण अर्धा तास. झाली की नाही बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात, चर्र वाजलं की झाली. माझ्या पोरीला पाणी शिंपडायचं काम मिळालं होतं, काळोख, धूर, सगळ्यांची नाकं लाल, आणि मडकं ओतल्यावर वाफाळत्या शेंगा कागदावर. वाल म्हणजे कडवट, घरी बिरडं केलं की ही टेबलावरून उठते. तिथे उकिडवं बसून तिने शेंगा दातांनी ओढून खाल्ल्या, किती ते मी मोजलं नाही, मला लाथ मारायला बायको शेजारीच होती.

राहता राहिलं मोठ्यांचं. घरात एक जरी मोठं माणूस ताटातली भाजी बाजूला सारत असेल तर वरचं सगळं पाण्यात. आमच्याकडे ते माणूस म्हणजे माझे वडील. ते काशीला गेले तेव्हा रिवाजाप्रमाणे एक पदार्थ कायमचा सोडून आले, आणि काय सोडलं तर दुधी, जो त्यांनी तसाही जन्मात कधी खाल्ला नव्हता. आई अजून चिडते. गेल्या ऋषीला पोरीने अळू खाल्लं, माठ खाल्ला, कणसाचे दोन तुकडे मागून घेतले आणि पडवळ नेहमीप्रमाणे वाटीत काढून ठेवलं. आजोबांनी तिला काशीची गोष्ट सांगितली. तिने नीट ऐकून घेतली आणि विचारलं, “आजोबा, लहान मुलांना पण तिकडे सोडू देतात का? मला पडवळ सोडायचंय.” तिकिटं अजून काढलेली नाहीत.